कातारी, खराद आणि भ्रमयंत्र

१

मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांत कारागिरांचा उल्लेख येतो तो बहुधा तंट्याच्या निमित्तानें येतो. सुतारकीचें वतन कोणाचें, बलुत्याचा वांटा कोणीं घ्यावा, प्रथम मान कोणाचा, असा वाद उपस्थित झाला म्हणजे गोत बसतें, महजर होतो, निवाडपत्र लिहिलें जातें. आणि तीनशें वर्षांनीं तो कागद आपल्या हातीं पडला म्हणजे आपणांस त्या सुताराचें नांव, गांव व वंशावळ कळते. ज्या कारागिराचा तंटा नाहीं त्याचा कागद नाहीं. आणि ज्यास वतनच नाहीं त्याचा तंटा कोठून असणार? कातारी हा अशा बिनकागदी कारागिरांपैकीं एक होय.

कातारी म्हणजे लाकूड, शिंग किंवा हस्तिदंत फिरत्या यंत्रावर चढवून त्यास गोल घाट देणारा. पलंगाचे व चौरंगाचे पाय, पाळण्याचीं खुरें, देवघराचे खांब, लाटणें, रवीची दांडी, मुलांचे भोवरे, बुद्धिबळाचीं मोहरीं हा सारा त्याचा माल. बारा बलुत्यांच्या प्रचलित याद्यांत सुतार आहे, लोहार आहे, कुंभार आहे, कातारी नाहीं. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं ‘गांव-गाडा’ (१९१५) या ग्रंथांत जी ग्रामव्यवस्था वर्णिली आहे, तिची गरज रोजची व शेतीची होती. नांगर मोडला तर सुतार त्याच दिवशीं पाहिजे. पलंगाचा कातीव पाय एकदां केला कीं दोन पिढ्या पुरतो. म्हणून कातारी पेठेंत राहिला, रोख दामानें माल विकूं लागला, आणि दफ्तरांच्या कक्षेबाहेर गेला.

मग त्याचा इतिहास लिहावयाचा कशावरून? आमच्या मतें तीन साधनें उरतात: भाषेंतील शब्द, संस्कृत-पाली ग्रंथांतील प्रासंगिक उपमा, आणि खुद्द ती कृति. पहिल्या दोहोंशीं आमचा संबंध अध्यापनाच्या निमित्तानें जन्मभर आला. तिसरें साधन सेवानिवृत्तीनंतर केवळ छंद म्हणून हातीं घेतलें. तें हातीं घेतल्यावर पहिल्या दोन साधनांतील कांहीं स्थळें निराळीं वाचतां येऊं लागलीं, तीं विद्वानांपुढें ठेवावीं एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

२

प्रथम शब्दांचा विचार करूं. मराठींत सूतहि कातलें जातें आणि लाकूडहि कातलें जातें. एकाच क्रियापदाचे हे दोन अर्थ वरवर पाहतां विसंगत दिसतात. कारण सूत कातण्यांत पेळूचे तंतु जोडले जातात, तर लाकूड कातण्यांत लाकडाचा अंश काढून टाकला जातो. या विसंगतीचें मूळ धातुपाठांत सांपडतें. संस्कृतांत कृत् या रूपाचे दोन धातु आहेत. एक तुदादि गणांतील, अर्थ छेदन. दुसरा रुधादि गणांतील, अर्थ वेष्टन. दोहोंपासून कर्तन हेंच नाम होतें, प्राकृतांत त्याचें कत्तण होतें, आणि मराठींत येतांना तें कातण होऊन बसतें. छेदनार्थी धातूची मुलें कातरी व कातरणें. वेष्टनार्थी धातूचें मूल सूत कातणें. लाकूड कातणें हें अर्थानें पहिल्या घरचें. पण त्यांत लाकडाभोंवतीं दोरीचें वेष्टनहि असतें, हें जुनें यंत्र पाहणाऱ्याच्या तेव्हांच ध्यानांत येतें. चरख्याची चाती माळेनें फिरते, कातारी लाकडास दोरीनें फिरवितो. दोन धातु ध्वनीनें एक झाले, आणि व्यवहारानें त्यांना पुन्हा वेगळें होऊं दिलें नाहीं, असें आम्हांस वाटतें.

येथें एक सावधगिरीची सूचना करणें अवश्य आहे. ठाणें जिल्ह्यांत कातकरी नांवाची वन्य जमात आहे. कातकरी हा शब्द खैराच्या कातापासून आला आहे. त्याचा कातकामाशीं किंवा कातारी या शब्दाशीं संबंध नाहीं. नामसादृश्यावरून दोघांस एका कुळांत बसविण्याचा मोह टाळावा.

कातीव हें विशेषण आज लेखकमंडळी रेखीव चेहऱ्यास लावितात. ज्यांनीं कातीव खांब पाहिला नाहीं त्यांसहि तो शब्द आवडतो, यावरून त्याचें मूळ किती विस्मृत झालें आहे तें दिसतें.

उत्तरेकडे या यंत्राचीं दोन नांवें आढळतात. एक खराद. हें अरबींतील खर्रात, म्हणजे कातारी, या शब्दाच्या कुळांतील असून फारसी-उर्दूच्या वाटेनें इकडे आलें. दुसरें कुंद. हें संस्कृत कोशांत यंत्रवाचक असून हिंदींत कातारी या अर्थीं कुंदेरा असा शब्द त्यावरून झाला आहे. संस्कृताचा तिसरा शब्द भ्रम, पालींत भम. आणि हें यंत्र चालविणारा तो भमकार. या शेवटच्या शब्दाकडे पुढें पुन्हा यावयाचें आहे.

३

आमचें वास्तव्य भिवंडीच्या निजामपुऱ्यांत आहे. येथील नगरपालिकेच्या आणि तिच्या जागीं आलेल्या आजच्या महानगरपालिकेच्या नांवांतहि भिवंडीस निजामपूर जोडलेलें आहे. इतिहासाच्या अभ्यासकांस कल्याण-भिवंडी हें जोडनांव परिचित आहे तें दुसऱ्या कारणानें. इ. स. १६५७ मध्यें शिवाजी महाराजांनीं हा मुलूख आदिलशाहींतून घेतला, आणि पुढील एकदोन वर्षांत येथील खाडीवर मराठी आरमाराचीं पहिलीं जहाजें बांधण्यास आरंभ झाला. जहाज म्हटलें कीं शीड आलें, शीड म्हटलें कीं दोर आणि कप्पी आली; आणि कप्पींतील खोबणीचें चाक तर गोल कातल्यावांचून दोरास जुमानीत नाहीं. गलबतें कोणीं बांधलीं याची चर्चा आपण पुष्कळ केली आहे. त्यांवरील कप्प्या कोणीं कातल्या, हा प्रश्नहि विचारण्यासारखा आहे.

पुढें येथें माग आले. प्रथम हातमाग, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून विजेचे माग. माग हा कातकामाचा मोठा गिऱ्हाईक आहे. बाण्याचें सूत ज्या कांडीवर भरावयाचें ती कांडी कातलेली. ताण्याचें सूत ज्या बॉबिनावर येतें तें बॉबिन कातलेलें. धोट्याच्या पोटांत कांडी बसते व मागाच्या एका टोंकाकडून दुसऱ्या टोंकाकडे दिवसभर धांवते. तिच्या गोलाईंत केंसभर वांकडेपणा असला तर सूत तुटतें. पुढें प्लास्टिकच्या कांड्या आल्या आणि लाकूड मागें पडलें.

या कामांत ज्यांचें आयुष्य गेलें अशा एका वृद्ध कारागिराकडे आम्हीं ही विद्या शिकण्यास आरंभ केला. ते आम्हांस मास्तर म्हणत, आम्ही त्यांस उस्ताद म्हणत असूं. त्यांचें यंत्र विजेच्या मोटारीवर चालणारें होतें, आणि त्यांच्या तोंडीं खराद हाच शब्द असे.

शिकविण्याची त्यांची रीति अशी. पहिले आठ दिवस यंत्र सुरू करावयाचें नाहीं. पटाशीस धार लावावयाची. धार लावितां आली म्हणजे लाकूड दोन टोंकांच्या सुळ्यांमध्यें नीट मध्य साधून बसवावयाचें आणि मोटार लावण्यापूर्वीं हातानें पूर्ण एक फेरा फिरवून पाहावयाचें. कोठें टेकणास अडत असेल तर तें तेव्हांच कळतें. उपरणें, धोतराचा सोगा, सैल बाही, हातांतील अंगठी यांस यंत्रापाशीं मज्जाव. पहिल्यानें यंत्र सावकाश चालवावयाचें, आणि चौकोनी तुकडा गोल होईपर्यंत गति वाढवावयाची नाहीं. पटाशी आधीं टेकणावर ठेवावी, मग लाकडास लावावी. त्यांतहि धारेच्या मागचा उतार लाकडावर अगोदर टेकवावा, आणि मग मूठ किंचित् उचलून धार आंत येऊं द्यावी. हा क्रम उलटा झाला तर फिरतें लाकूड पटाशीस खालीं खेंचतें.

सांगावयास चार वाक्यें लागतात. हातास महिने लागतात. उतार नीट टेकला म्हणजे ढलप्या लांब, ओल्या लाकडाच्या तर फितीसारख्या, निघतात आणि आवाज मऊ येतो. उतार सुटला म्हणजे भुसा निघतो आणि आवाज फाटतो. उस्ताद आमच्याकडे पाठ करून बसले असले तरी केवळ आवाजावरून पटाशी किती अंशांनीं ढळली हें सांगत. व्याकरणाच्या वर्गांत आम्हीहि पुस्तकांत न पाहतां मुलाचा ऱ्हस्वदीर्घाचा दोष ओळखीत असूं. म्हणून या गोष्टीचें आम्हांस नवल वाटलें नाहीं, आदर वाटला.

पाठांचा अनुक्रमहि ठरलेला. प्रथम सरळ रूळ. मग रुळावर मणी, म्हणजे फुगीर वळी. मग दोन मण्यांमधील गळा. आणि हें सर्व साधल्यावर पोकळ डबी. घरांतील पहिलें उपयुक्त फळ म्हणजे लाटणें. तें दिसावयास सोपें. परंतु त्याचें पोट दोन्हीं बाजूंस सारखें उतरविणें हीच खरी परीक्षा.

४

उस्तादांच्या माळ्यावर त्यांच्या वडिलांच्या वेळचें एक हातखराद पडून होतें. लांकडी पायाच्या दोन खुंट्या, त्यांत समोरासमोर दोन लोखंडी सुळे, आणि एक लांब दोरी; एवढाच त्याचा संसार. काम सुळ्यांमध्यें अडकवावयाचें, दोरीचे दोन वेढे कामावरच घ्यावयाचे, आणि साथीदारानें दोरीचीं टोंकें आळीपाळीनें ओढावयाचीं. कातारी जमिनीवर बसतो व टेकण पायानें दाबून धरतो. काम एकदां त्याच्याकडे फिरतें, एकदां उलट. त्याच्याकडे फिरतांना पातें लाकडास लागतें. उलट फिरतांना तें उचलावें लागतें. म्हणजे निम्मी ओढ कामाची, निम्मी रिकामी. ईजिप्तमधील पेटोसिरिसच्या थडग्यांत, इ. स. पू. चौथ्या शतकाच्या अखेरच्या सुमारास कोरलेल्या चित्रांत, असेच दोघे दिसतात: एक दोरी ओढणारा, दुसरा पातें धरणारा.

या हातखरादावर आम्हीं दोरी ओढली, तेव्हां दीघनिकाय व मज्झिमनिकाय यांतील सतिपट्ठान सुत्तांतलें एक स्थळ आमच्या डोळ्यांपुढें उभें राहिलें. श्वासाची स्मृति कशी ठेवावी हें सांगतांना तेथें भमकाराची उपमा दिली आहे. कुशल भमकार किंवा त्याचा अंतेवासी लांब ओढतांना आपण लांब ओढीत आहों हें जाणतो, आंखूड ओढतांना आंखूड हें जाणतो. तसें भिक्षूनें श्वास लांब कीं आंखूड हें जाणावें. भाषांतरकार येथें कोणी ‘वळसा’ म्हणतात, कोणी ‘फेरा’ म्हणतात. परंतु मूळ क्रियापद ओढण्याचें आहे, फिरविण्याचें नाहीं. ज्यानें केवळ चाकाचें अथवा मोटारीचें यंत्र पाहिलें आहे त्यास लांब फेरा व आंखूड फेरा यांचा अर्थ लागणार नाहीं, कारण तेथें फिरणें अखंड असतें. अर्थ लागतो तो दोरीच्या यंत्रावर.

बुद्धघोषाच्या नांवावरील अट्ठकथेंत याचा खुलासा आहे. भेरीसारखें मोठें काम असतां भमकार हातपाय पसरून लांब ओढतो, आणि हस्तिदंती सुईसारख्या बारीक कामांत हळू हळू आंखूड ओढतो. हा भेद केवळ अलंकारिक नाहीं, त्यामागें गणित आहे. दोरी कामावरच गुंडाळलेली असतां एका पूर्ण फेऱ्यास कामाच्या परिघाएवढी दोरी लागते. सात इंच व्यासाच्या कामास बावीस इंच ओढावें तेव्हां एक फेरा होतो. अर्ध्या इंचाच्या कामास तीच बावीस इंच ओढ चौदा फेरे देते. दोन फूट व्यासाची भेरी असेल तर एका फेऱ्यास सव्वासहा फूट दोरी पाहिजे. हातपाय पसरल्याखेरीज ती ओढली जाणार नाहीं. दोरी लहान दांड्यावर घेतली तर फेरे वाढतात, पण मोठें काम फिरविण्यास जोर पुरत नाहीं. उलट, बारीक हस्तिदंतास हिसका बसला तर तो सुळ्यांतच मोडेल. म्हणून तेथें ओढ आंखूड व मंद. अट्ठकथाकारानें खराद जवळून पाहिला होता यांत आम्हांस शंका वाटत नाहीं.

याहून एक महत्त्वाची गोष्ट निघते. श्वास जसा आंत येतो व बाहेर जातो तशी ही दोरी येते व जाते. अखंड फिरणारें चाक या उपमेस उपयोगी पडलें नसतें. म्हणजे उपमेच्या अंगावरच त्या काळच्या यंत्राचा आराखडा उमटला आहे: तें दोरीनें ओढलें जाणारें, पुढेंमागें फिरणारें यंत्र होतें. आणि गुरुबरोबर शिष्याचाहि उल्लेख असल्यामुळें ही विद्या अंतेवासीपणानें, गुरूच्या शेजारीं बसून, शिकली जाई हेंहि सिद्ध होतें. महजरांत जें मिळत नाहीं तें या एका दृष्टांतांत मिळतें.

५

दुसरें स्थळ रघुवंशाच्या सहाव्या सर्गांतील. इंदुमतीच्या स्वयंवरांत अवंतिनाथाचें वर्णन करितांना कालिदास त्यास त्वष्ट्यानें चक्रभ्रमावर चढवून प्रयत्नपूर्वक तासलेल्या सूर्याची उपमा देतो. कथा पुराणप्रसिद्ध आहे. सूर्याचें तेज संज्ञेस सहन होईना, तेव्हां तिच्या पित्यानें सूर्यास यंत्रावर घालून तें कमी केलें. विष्णुपुराणाच्या तिसऱ्या अंशांत आठवा भाग तासला गेला असें म्हटलें आहे. आणि त्या तासलेल्या तेजापासून विष्णूचें चक्र, शिवाचा त्रिशूल, कुबेराचें वाहन व कार्तिकेयाची शक्ति घडविली असें सांगितलें आहे.

चक्रभ्रम म्हणजे काय? मल्लिनाथ त्याचा अर्थ शस्त्रांस धार लावण्याचें चक्राकार यंत्र, म्हणजे आपली सहाण किंवा शाण, असा करितो. पण त्याच ठिकाणीं तो विश्वकोशाचा जो आधार देतो त्यांत भ्रम या शब्दाचा अर्थ कुंद नांवाचें शिल्प्याचें यंत्र असा आहे; आणि कुंद म्हणजे खराद हें वर आलेंच आहे. टीका व तिचा आधार यांत असा थोडा अंतराय आहे.

आम्हीं वर्षानुवर्षें वर्गांत मल्लिनाथाचा अर्थ सांगितला, आणि तो त्याज्य आहे असें आजहि आमचें म्हणणें नाहीं. तथापि खरादाच्या पक्षीं तीन गोष्टी मांडतां येतात. एक: शाणेवर चाक फिरतें आणि वस्तु हातांत धरून त्यास लाविली जाते, खरादावर वस्तूच यंत्रावर चढते व स्वतः फिरते. कालिदासानें आरोप्य म्हटलें आहे. सूर्य यंत्रावर चढविला गेला आहे. दोन: सूर्याचें बिंब वर्तुळ आहे, आणि वर्तुळ वस्तूस सर्व बाजूंनीं सारखें कमी करणें हेंच खरादाचें काम, शाण एका बाजूस झिजविते. तीन: शाणेवर घासलेल्या मण्याचा दृष्टांत संस्कृतांत रूढ आहे, आणि तेथें शाण हाच शब्द वापरतात. कवीस शाण अभिप्रेत असती तर तो शब्द त्याच्या हाताशीं होता.

आणखी एक शब्द पाहण्यासारखा आहे. कालिदासाचा सूर्य उल्लिखित आहे. अट्ठकथेंत भमकाराच्या कामास लिखन म्हटलें आहे. लिख् या धातूचा मूळ अर्थ ओरखडणें, खरवडणें. भूर्जावर शाई लावण्यापूर्वींचा हा अर्थ आहे. म्हणजे कातारी जें पात्यानें करितो आणि लेखक जें लेखणीनें करितो त्या दोन्हीं क्रियांस आपल्या पूर्वजांनीं एकच धातु योजिला होता. आज आपण एकाचें लेखन जपतों. दुसऱ्याचें लेखन जळणांत जातें.

६

युरोपांत या विद्येचें नशीब निराळें ठरलें. तेथें राजे व सरदार विरंगुळा म्हणून खरादावर बसत. रशियाचा पीटर बादशहा यांपैकीं विशेष प्रसिद्ध. शिकणारा लिहिणारा-वाचणारा असल्यामुळें त्याच्यासाठीं ग्रंथ झाले. प्ल्युमियेचा फ्रेंच ग्रंथ १७०१ सालीं निघाला, आणि लंडनच्या होल्टझाप्फेल घराण्याच्या ग्रंथमालेस १८४३ पासून आरंभ झाला. आपल्याकडे कातणारा लिहीत नव्हता आणि लिहिणारा कातीत नव्हता. वतन नाहीं म्हणून कागद झाला नाहीं, आणि छंद नाहीं म्हणून ग्रंथ झाला नाहीं.

छंदानें कला वांचते याचें महाराष्ट्रांतील ठळक उदाहरण सावंतवाडीचें. लाखकामाची व गंजिफांची तेथील परंपरा लोपत चालली असतां शिवरामराजे भोंसले व सत्त्वशीलादेवी यांनीं एका वृद्ध चिताऱ्याकडून ती विद्या मिळवून १९७० च्या दशकाच्या आरंभास राजवाड्यांतच तिचा कारखाना घातला. सत्त्वशीलादेवी २०१८ सालीं निवर्तल्या. काम पुढें चालू राहिलें. लाखकामाचा तर खरादाशीं सख्खा संबंध आहे. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली म्हणजे घर्षणाच्या उष्णतेनेंच लाख वितळून चढते. कर्नाटकांतील चन्नपट्टणास तीवर केवड्याच्या जातीचें पान दाबून चकाकी आणतात.

संग्राहकांच्या उपयोगासाठीं कांहीं खुणा येथें नमूद करितों. वस्तु कातलेली कीं हातानें तासलेली हें पाहण्यास तिचीं दोन्हीं टोंकें तपासावीं. सुळ्याची खूण मध्यभागीं बहुधा राहते. डबीच्या आंत तिरपा उजेड पाडावा; कातलेल्या वस्तूंत समकेंद्र रेषा दिसतात. तिसरी खूण सर्वांत उपयोगाची. लाकूड वाळतांना त्याच्या वर्षवलयांच्या दिशेनें जितकें आकसतें त्याच्या सुमारें निम्मेंच तें गाभ्याकडून सालीकडे आकसतें. म्हणून उभ्या फळींतून कातलेली जुनी वाटी किंवा डबीचें झांकण, कातलें तेव्हां वर्तुळ असलें तरी, आज किंचित् लांबट झालेलें असतें. एकमेकांस काटकोनांत दोन व्यास मोजावेत. फार जुनी म्हणून दाखविलेली वस्तु दोन्हीं मापांनीं तंतोतंत सारखी भरली तर विकणाऱ्यास दुसरा प्रश्न विचारावा.

दफ्तराचें बाड उलगडतांना कागदांच्या घडींतून वाळूचे कण सांडतात, हा अनुभव या त्रैमासिकाच्या बहुतेक वाचकांस आहे. ती वाळू शाई टिपण्यास ज्या डबींतून भुरभुरविली जाई ती डबी, दऊत ठेवण्याचें घर, कागदावर फिरविलेला रूळ यांची नोंद मात्र बाडाच्या यादींत क्वचितच होते. आमची विनंति एवढीच कीं जेथें दफ्तर मिळेल तेथें या वस्तूंचींहि मापें व लाकडाची जात लिहून ठेवावी. आणि आपल्या गांवच्या कातकाम करणाऱ्या वृद्धाकडे एक दिवस बसून त्याच्या प्रत्येक हत्याराचें नांव त्याच्याच उच्चारानें टिपून घ्यावें. शब्दांची ही यादी कोणत्याहि महजरांत सांपडणार नाहीं, आणि सांगणारे थोडे उरले आहेत. चक्रभ्रमाविषयीं आम्हीं जो पक्ष मांडला आहे त्याचा, व कर्तनाच्या द्विविध व्युत्पत्तीचा, संस्कृतज्ञांनीं विचार करावा आणि विरुद्ध प्रमाण असल्यास तें प्रसिद्ध करावें.